एक दुरुस्तीची नोंद

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या वर्ध्यात शहाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. गावाला लग्नघराची कळा आली होती. एरवी ज्यांचे नुसते फोटो पाहायचे, अशी माणसं चहाच्या टपरीवर उभी दिसत होती. त्या धामधुमीत एका स्नेह्याच्या घरी संध्याकाळी दहा-बारा जणांची बैठक जमली. गप्पा रंगल्या आणि बोलता बोलता एका तरुण मुलीनं मला विचारलं, "सर, तुमचे सर्वांत आवडते तीन सिनेमे कोणते?"

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "'पथेर पांचाली', 'श्यामची आई' आणि 'सामना'."

माना डोलल्या. कादंबरीकाराला शोभेल असंच उत्तर होतं. आमच्या सौ. शेजारीच बसल्या होत्या, पण त्या काही बोलल्या नाहीत. ऑटोतून घरी येताना मात्र त्यांनी विषय काढला.

"का हो, तो 'पथेर पांचाली' शेवटचा कधी पाहिला तुम्ही?"

"झाली असतील वीसेक वर्षं."

"आन् 'बनवाबनवी'?"

मी गप्प बसलो. 'बनवाबनवी' मी त्याच आठवड्यात पाहिला होता, टीव्हीसमोर, हातात जेवणाचं ताट घेऊन, मधूनच सुरू केलेला. आणि भाजी थंड होईपर्यंत हसलो होतो.

मी सांगितलेले तिन्ही सिनेमे थोर आहेत, यात शंका नाही. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या मुलीनं 'थोर' विचारलं नव्हतं, 'आवडते' विचारलं होतं. मी खोटं बोललो होतो.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. तिथला पहिला धडा असा, की चुकीची नोंद खरवडून काढायची नसते. खाडाखोड चालत नाही. उलट नोंद टाकायची, बरोबर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. आज तेच करतो आहे. माझे खरे आवडते तीन सिनेमे 'अशी ही बनवाबनवी', 'शोले' आणि 'ज्युरासिक पार्क'. एक हसवणुकीचा, एक मारामारीचा आणि एक विज्ञानाचा. आणि कारणं विचाराल, तर तीही द्यायला तयार आहे.

मी समीक्षक नाही. कॅमेरा कुठल्या कोनातून लावला हे मला कळत नाही. तिकीट काढून बसणाऱ्या आणि आवडलं नाही तर मध्यंतरात उठून येणाऱ्या लोकांपैकी मी एक. पण पन्नास वर्षं असं बसल्या-उठल्यावर माणसाचं काही एक मत बनतं. ते मत असं, की ज्यांना आपण 'हलके' सिनेमे म्हणतो, ते हलक्या पायावर उभे राहूच शकत नाहीत. त्यांच्या तळाशी माणसाची एखादी खरी गरज, खरी जखम नाहीतर खरी भीती असावी लागते. ती काढून घेतली, की मागं नुसता गोंगाट उरतो.

आधी हसण्याचं पाहू. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन. मूळ कथा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी सिनेमाची. त्या कथेला आपल्या लोकांनी असं काही मराठी केलं, की मूळ कुणाला आठवतही नाही. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, स्वतः सचिन आणि सिद्धार्थ रे. साड्या, विग, धांदल. पण साड्या बाजूला ठेवा आणि विचार करा, ही सगळी बनवाबनवी कशासाठी? चार तरुण पोरांना पुण्यात डोकं टेकायला जागा हवी आहे. घरमालकीणबाई सड्या पुरुषांना खोली देत नाही. बस्स, एवढंच.

हे दुःख मला ठाऊक होतं. नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. दर वेळी नव्या गावात पहिले दोन महिने खोली शोधण्यात जात. लग्नाआधी तर फारच पंचाईत. "एकटेच का?" असं विचारून दार लोटून घेणाऱ्या कितीतरी मावश्या-काकू मी पाहिल्या आहेत. एका गावात मी, "पुढच्या महिन्यात बायको येणार आहे," असं सांगून खोली मिळवली होती. तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं. त्यामुळे पडद्यावर त्या चौघांची तारांबळ उडते, तेव्हा माझ्या पोटातलं हसू दुप्पट होतं. विनोदाच्या मुळाशी अडचण असते. ती जितकी खरी, तितकं हसू टिकाऊ. नुसती वाकडी तोंडं करून दाखवलेला विनोद पुढच्या शुक्रवारपर्यंतही राहत नाही.

या बाबतीत चार्ली चॅप्लिन सगळ्यांचा आजा. त्याचा आमच्या जिल्ह्याशी एक लांबचा धागा आहे. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले असताना २२ सप्टेंबर १९३१ रोजी चॅप्लिन त्यांना भेटायला आला. गांधीजींनी तोवर त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. चॅप्लिननं त्यांना विचारलं ते यंत्रांविषयी. यंत्रांना त्यांचा विरोध का, हे त्याला समजून घ्यायचं होतं. पुढे फेब्रुवारी १९३६ मध्ये त्याचा 'मॉडर्न टाइम्स' आला आणि त्याच वर्षी एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. हेच आजचं सेवाग्राम. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणत नाही. पण कारखान्यात दिवसभर बोल्ट पिळून बाहेर पडल्यावरही ज्याचे हात पिळतच राहतात, तो चार्ली आठवा. आणि पलीकडे चरख्यावर सूत काढणारा म्हातारा आठवा. दोघांनाही एकच प्रश्न पडला होता. चॅप्लिननं तो हसवून विचारला, एवढंच.

हसवून विचारायला धाडस लागतं. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर अश्रू ढाळणारं पुष्कळ लिहिलं गेलं. मीही लिहिलं. पण सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'नं (२००९) मला जे दिलं, ते त्यात नव्हतं. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलका धास्तावते. आपला किसनाही काही करून बसेल, या भीतीनं ती लहानग्या दिनूला सतत त्याच्या मागं पाठवते. बाप शेतात, पोरगं मागं. बाप कुठं आडोशाला जाईल तर तिथंही पोरगं मागं. आपण हसतो आणि हसता हसता घशाशी काहीतरी अडकतं. पीककर्जाच्या टेबलावर मी काही वर्षं बसलो आहे. कर्ज घेतलेला माणूस हसत हसत शाखेत यायचा, तेव्हा मला तो बरा वाटायचा. गंभीर चेहऱ्यानं, नीट भांग पाडून, सगळे कागद एका पिशवीत घालून आला की काळजी वाटायची. हसणं ही चैन नाही, हे मला तिथं कळलं.

आता मारामारी. आमच्या लहानपणी 'ॲक्शन' हा शब्द फक्त दिग्दर्शकाच्या तोंडी असायचा. आम्ही 'फायटिंगचा पिक्चर' म्हणायचो. "फायटिंग किती हायेत बे?" हा तिकीट काढण्याआधीचा एकमेव प्रश्न. त्यावर पिक्चरची किंमत ठरायची.

या फायटिंगमध्ये मराठी माणूस मुळातच पुढं होता. पहिल्या बोलपटाचा, म्हणजे १९३१ च्या 'आलम आरा'चा नायक मास्टर विठ्ठल हा मूकपटांतला गाजलेला स्टंटवीर. आणि आमच्या शेजारच्या अमरावतीत १९१३ साली जन्मलेले भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, 'अलबेला'च्या (१९५१) आधी वर्षानुवर्षं कमी पैशातले मारामारीचे सिनेमे काढत होते. ते पाहायला गिरणीतला, गोदीतला कामगार यायचा. दिवसभर मुकादमाचं ऐकून घेतलेल्या माणसाला संध्याकाळी पडद्यावर कुणीतरी उलट हात उगारताना पाहायचं असतं. यात कमीपणा तो काय?

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईत लागला. आमच्या पुलगावपर्यंत पोहोचायला त्याला बराच वेळ लागला आणि आला तेव्हा रिळावर रेघांचा पाऊस पडत होता. पण त्या गावाचा नकाशा आजही मी कागदावर काढून देईन. ठाकूरची हवेली कुठं, पाण्याची टाकी कुठं, डाकूंचा डोंगर कुठल्या बाजूला. कोण कुठून येतो आहे, हे कळत असल्यामुळे भीती वाटते. आणि खरा घाव बसतो तो गोळीबारात नाहीच. घोड्यावरून रहीमचाचांच्या अहमदचं प्रेत गावात येतं आणि आंधळा म्हातारा विचारत राहतो, तिथं बसतो. त्या क्षणी सगळं टॉकीज गार पडलं होतं. शेंगदाणे सोलण्याचा आवाजही थांबला होता. (तो अहमद झालेला पोरगा म्हणजे पुढं 'बनवाबनवी' काढणारा सचिनच.) त्या एका प्रेतामुळे पुढच्या प्रत्येक गोळीला वजन आलं.

परवा नातवासोबत 'केजीएफ २' पाहिला. नायक भलीमोठी मशीनगन लावून पोलीस ठाण्याची चाळण करतो आणि तापलेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. नातवानं शिट्टी मारली. खरं सांगतो, पहिली पंधरा मिनिटं मलाही मजा आली. पण मग हिशेब लागेना. शंभर माणसं पडली, त्यांतल्या कुणाला आई होती का? नायक एवढा आपटला, त्याचं कोपर तरी दुखलं का? मार खाल्लेल्याला मार लागतच नसेल, तर मारामारी कसली? ती नुसती आतषबाजी.

आणि स्फोटाचं म्हणाल, तर तो विषय आम्हा पुलगावकरांपुढं काढू नये. इथं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे, एकच्या सुमारास, तिथं आग लागली आणि स्फोट सुरू झाले. मी तेव्हा गावातच होतो. खिडक्यांची तावदानं थरथरली, भांडी मांडणीवरून खाली आली. आकाश लाल झालं होतं. सिनेमात स्फोट झाला, की नायक पाठ फिरवून संथपणे चालत येतो. आमच्याकडे आगरगावची माणसं लेकरं काखोटीला मारून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन अंधारात पळत होती. आग विझवायला गेलेले जवान आणि दोन लष्करी अधिकारी त्या रात्री परतले नाहीत. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. त्यांत आसपासच्या खेड्यांतले रोजंदारीवर गेलेले मजूर होते. त्यानंतर बरेच महिने मला पडद्यावरचा स्फोट पाहवला नाही. माझं एवढंच मागणं आहे, की सिनेमात खुशाल स्फोट करा, पण त्यानंतर कुणीतरी कुणाला तरी शोधत फिरताना दाखवा.

तिसरा प्रकार विज्ञानाचा. 'ज्युरासिक पार्क' १९९३ चा. हिंदीत बोलू लागून तो १९९४ मध्ये आपल्याकडे आला. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन मी मुद्दाम नागपूरला गेलो. डायनासोर पाहून पोरगा माझ्या मांडीत शिरला. पण माझ्या मनात राहिला तो त्याआधीचा प्रसंग. पैशाच्या लोभानं एक संगणकवाला कुंपणाची वीज बंद करतो. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "गेली रे लाइन!" आणि अख्खं थिएटर हसलं. लाइन गेली की काय काय होतं, हे विदर्भातल्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. अमेरिकेतला तो सिनेमा त्या क्षणी आमचा झाला. त्या सुमाराला आमच्या शाखेतही संगणक येऊ घातला होता. खातेवह्या जाणार, माणसं कमी होणार, अशी कुजबुज चालली होती. जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं तो सिनेमा ऐकून घेतला आणि डबा बंद करत म्हणाला, "म्हंजे मशीनपाशी बसलेला माणूस कसा हाये, त्याच्यावर सगळं." यापेक्षा चांगलं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही.

आता माझी तक्रार. हसवण्यात मराठी सिनेमा कुणाला हार जाणार नाही. मारामारी आपण उसनी आणतो, पण आणतो. 'समजा असं झालं तर?' हा प्रश्न मात्र आपल्या पडद्यावर जवळजवळ नाहीच. आणि हे अशा भाषेत, जिच्या पुस्तकांत तो खच्चून भरला आहे! भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न आम्हाला मराठीतून वाचायला दिला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. ती डॉ. जयंत नारळीकरांची निघाली. मागं बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी रांगच लागली. नारळीकरांना २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद देऊन मराठी साहित्यानं विज्ञानकथेला मानाचा पाटही दिला. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा घरोघरी त्यांच्या कथा आठवल्या गेल्या. पण त्या कथांचे मराठी सिनेमे कोणते, असं नातीनं मला विचारलं, तेव्हा मला एकाचंही नाव सांगता आलं नाही. सुजय डहाके यांनी २०१६ मध्ये 'फुंतरू' करून पाहिला, त्याचं कौतुक. पण त्या वाटेनं मागून पुढं फारसं कुणी गेलं नाही.

"पैसा लागतो हो," असं लगेच सांगितलं जातं. लागतोच. पण दादासाहेब फाळक्यांकडे कुठं होता? 'राजा हरिश्चंद्र'ला भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी १९१२ मध्ये एक लहानसा चित्रपट केला, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, दिवसामागून दिवस त्याची थोडी थोडी छायाचित्रं घेतली आणि पडद्यावर दाण्याचा वेल क्षणात वाढताना दाखवला. ते पाहून लोक थक्क झाले आणि पैसा उभा राहिला. आपल्या सिनेमाची पेरणी ही अशी, एका कुंडीतल्या वाटाण्यावर झाली आहे. यानं तरी लंगड्या सबबी बंद व्हाव्यात.

आणि गोष्ट शोधायला अंतराळातही जायला नको. ती आमच्या धुऱ्यावर पडलेली आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा गुण कपाशीच्या बियाण्यात घातलेला. बोंडअळीनं झाड खाल्लं की अळी मरणार. विज्ञानकथा याहून वेगळी काय असते? सुरुवातीची वर्षं बरी गेली. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅमचं एक लहान पाकीट यायचं, साध्या बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतील आणि विषाला सरावलेल्या अळ्यांशी त्यांची सोयरीक होऊन पुढची पिढी कमजोर राहील. पण जमीन वाया कोण घालवणार? कर्ज घेतलेल्या माणसाला प्रत्येक तास मोलाचं. ती लहान पाकिटं पुष्कळ जणांनी धुऱ्यावर फेकून दिली. मी स्वतः शेतपाहणीला गेलो असताना ती पडलेली पाहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तपासणीच्या फॉर्मात तसा रकानाच नव्हता. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी आतून पोखरली. बाहेरून बोंडं हिरवीगार, आत किडकी. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले.

धुऱ्यावर फेकलेलं लहानसं पाकीट आणि पंधरा वर्षांनी परतलेली अळी. सांगा, याहून चांगली कथा हॉलिवूडकडे आहे का? यात विज्ञान आहे, लोभ आहे, नाइलाज आहे आणि पाहून न पाहिल्यासारखं करणारा एक बँक अधिकारीही आहे. त्यात हसायलाही जागा आहे, कारण आमची माणसं मरणाच्या दारातही टोमणा मारल्याशिवाय राहत नाहीत. पण हा सिनेमा कुणी केला नाही. आमच्या नातवंडांच्या डोक्यातला 'उद्या' न्यूयॉर्कमध्ये घडतो, फार तर हैदराबादच्या स्टुडिओत. वर्ध्यालाही एक 'उद्या' असू शकतो, तो चांगला किंवा भयंकर असू शकतो आणि तो कसा असावा हे आज आपल्या हातात आहे, हे त्यांना कुठल्याही पडद्यानं सांगितलेलं नाही. ज्या जिल्ह्यात बसून एका माणसानं यंत्र आणि माणूस यांचा हिशेब आयुष्यभर मांडला, तिथल्या मुलांनी हा प्रश्न परक्या भाषेतून ऐकावा, याचं मला वाईट वाटतं.

त्या संध्याकाळच्या मुलीचं नाव मला ठाऊक नाही. कदाचित रविवारी हे पान तिच्या घरी येत असेल. बाई, माझी नोंद दुरुस्त करून घे. एक, 'अशी ही बनवाबनवी'. दोन, 'शोले'. तीन, 'ज्युरासिक पार्क'. खाली माझी सही आहे.

खातेवहीत कोरी ओळ सोडू नये, असा आमच्याकडे नियम होता. निवृत्त माणूस म्हणून तो आज मी मोडतो. चौथी ओळ कोरी ठेवली आहे. तुझ्या वयाच्या कुणीतरी ती भरावी. आणि जमलं तर मी मांडीवर ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो आहे, तोवर.